विद्यापीठाचे दार कोणाकडे उघडते?

वास्तूचे दार कोणत्या दिशेला आहे, यावरून ती कोणासाठी बांधली हे ओळखता येते. गावकुसाबाहेर ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या, त्या समाजाला भिंतीचा अर्थ शिकवावा लागत नाही. म्हणूनच नवी मुंबईतील शिक्षणसंकुलांच्या भिंतींकडे आपण डोळसपणे पाहिले पाहिजे.

बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी भरवले. पुढे हे महाविद्यालय फोर्टमधील बुद्ध भवन आणि आनंद भवनात स्थिरावले. रेल्वेतून उतरावे, पायी वर्गात जावे, तास आटोपून कामावर हजर व्हावे, अशी ही जागा. स्थळ आणि वेळ दोन्ही गरीब विद्यार्थ्याच्या सोयीची होती. शिक्षण शहराशी कसे जोडावे, याचा धडा बाबासाहेबांनी असा घालून दिला.

आता नवी मुंबईकडे वळू. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात या जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. याच जमिनीतून शिक्षणसंस्थांना सवलतीच्या दराने भूखंड मिळाले. मग त्या भूखंडांवर भूमिपुत्राचा आणि कष्टकऱ्याचा काहीच हक्क नाही काय?

दिघा, तुर्भे येथील झोपडपट्टीत राहणाऱ्या मुलीचा विचार करा. संकुल नकाशावर जवळ दिसते. प्रत्यक्षात मध्ये महामार्ग, लांबच लांब भिंत आणि एकच फाटक, तेही मोटारींसाठी! बेलापूर ते पेंधर ही ११ स्थानकांची मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. पण स्थानकापासून फाटकापर्यंत सलग पदपथ आणि सावली नसेल, तर उरलेल्या वाटेला रिक्षाचे भाडे मोजावे लागते. श्रीमंताला ते जाणवत नाही, मजुराच्या घरात मात्र त्यातून वहीपेनाचा हिशेब बिघडतो.

सुरक्षेसाठी भिंत हवी, असे सांगितले जाते. परंतु निर्मनुष्य भिंतीकडेच्या रस्त्यावर संध्याकाळी मुलींना अधिक भीती वाटते. त्याच कडेला पुस्तकांची दुकाने, चहाची टपरी, बसथांबा आणि दिवे असले, तर माणसांची वर्दळ हीच राखण होते. वर्ग आणि प्रयोगशाळा आत असू द्या. वाचनालय, सभागृह, मैदान रस्त्याच्या बाजूला आणा आणि ठरावीक वेळी वस्तीला खुले करा. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या, दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या तरुणाला शांत टेबल आणि दिवा मिळाला तरी एक घर वर येते.

ही वेळ महत्त्वाची आहे. जून २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रे दिली. नवी मुंबई विमानतळाजवळ त्यांच्यासाठी शिक्षणनगरी उभारण्याची योजना आहे. तेथील फी कोणाला परवडणार, शिष्यवृत्ती आणि आरक्षणाचे काय, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. पण त्याबरोबर नकाशाही मागितला पाहिजे. गावांच्या दिशेने किती दारे आहेत? पायी येणाऱ्याला वाट कोठून? एनएमएमटीची बस कोठे थांबणार? नोकरदारांसाठी सकाळ-संध्याकाळचे वर्ग आहेत काय?

भिंत एकदा उभी राहिली की ती पाडायला पिढी खर्ची पडते. मराठवाडा विद्यापीठाच्या दारावर बाबासाहेबांचे नाव लागण्यासाठी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे समाजाने लढा दिला, रक्त सांडले. येथे अजून सारे कागदावर आहे. कार्यकर्त्यांनी, विद्यार्थी संघटनांनी आणि गावच्या तरुणांनी आताच सिडकोकडे लेखी मागणी नोंदवावी. जमीन जनतेची आहे, तर दारही जनतेकडेच उघडले पाहिजे.