भिंतीपलीकडे कोण आहे?

आता मुद्दा गोळीच्या निवडीचा. अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी घरात रायफल ठेवणारे बरेच आहेत, आणि तिथल्या घरांच्या आतल्या भिंती बहुधा जिप्सम बोर्डाच्या. सरावाची स्वस्त गोळी, जिच्यावर पूर्ण धातूचं आवरण असतं, ती अशी भिंत सहज भेदते. पलीकडे मूल झोपलेलं असेल तर? म्हणून पोकळ किंवा मऊ टोकाची गोळी सुचवतात. ती शरीरात फुलते, तिचा वेग तिथेच बराचसा संपतो. गंमत बघा, १८९९च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात वर्ज्य ठरवल्या त्या अशाच गोळ्या. त्यांना ‘दमदम’ म्हणतात, ते कोलकात्याजवळच्या दमदमवरून. जाहीरनामा मात्र युद्धापुरता. पण नेम चुकला, तर फुलणारी गोळीही भिंत ओलांडते. म्हणून गोळी निवडण्याआधी घराचा नकाशा बघायचा.