मोठ्या शस्त्रक्रियेनंतर घरी परतताना

श्रींच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांत मोठी शस्त्रक्रिया होऊन नुकतेच घरी परतलेले अनेकजण असतात. संकटातून तारून गेल्यास लोटांगण घालीन, असा नवस कोणी बोललेला असतो, तर कोणास पालखीला खांदा देण्याची ओढ असते. ही भावना आदरणीय आहे. तथापि रुग्णालयातून घरी सोडणे म्हणजे पूर्ण बरे होणे नव्हे, हे ध्यानात यावे यासाठी भाविक व महाजन मंडळींच्या माहितीस्तव हा लेख.

हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचे उदाहरण घेऊ. तीत बहुधा छातीच्या मधले हाड उभे कापून, पायातील शीर अथवा छातीतील धमनी वापरून रक्ताला नवा मार्ग करून दिला जातो व हाड पोलादी तारांनी पुन्हा जोडले जाते. गुंतागुंत नसल्यास रुग्णास साधारणतः ५ ते ७ दिवसांत घरी सोडतात. हाड सांधण्यास मात्र ६ ते १२ आठवडे लागतात. म्हणजेच बरे होण्याचा बराचसा काळ घरीच जावयाचा असतो.

मग इतक्या लवकर घरी का सोडतात? दीर्घकाळ अंथरुणास खिळल्याने स्नायूंची शक्ती जाते, पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात व फुप्फुसांत कफ साचतो. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात वेदनाशमन, लवकर आहार व लवकर हालचाल यांची सांगड घातली आणि तेव्हापासून हा विचार जगभर रुजला. परंतु दिवसांच्या मोजणीपेक्षा रुग्णाची सिद्धता महत्त्वाची.

ही सिद्धता दुहेरी असते. पहिली शरीराची. ताप नसावा, प्राणवायूच्या नळीविना श्वास सुरळीत चालावा, जखम कोरडी असावी, पोटात घेतलेल्या गोळ्यांनी वेदना आटोक्यात राहाव्यात, अन्न पचावे आणि रुग्णास आधाराविना चालता यावे. बायपासनंतर हृदयाची लय बिघडण्याचा त्रास बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उद्भवतो. म्हणून चतुर्थीस घरी असावे वा दिवस चांगला आहे, एवढ्यासाठी डॉक्टरांकडे लवकर सोडण्याचा आग्रह धरू नये.

दुसरी सिद्धता घराची. सोबतीस कोण राहणार, जिने किती, उकिडवे बसण्याचा शौचकूप असल्यास कमोडची खुर्ची आणली आहे का, हे आधीच पाहावे. घरातील जुनी औषधे डॉक्टरांना दाखवावीत. एकच औषध दोन निरनिराळ्या नावांनी दुप्पट घेतले जाण्याचा धोका असतो. मिळालेल्या सूचना डॉक्टरांसमोर आपल्या शब्दांत परत सांगाव्यात. काय समजले नाही, ते तेथेच उमगते.

पुढील लक्षणे दिसल्यास डॉक्टरांशी त्वरित संपर्क साधावा :

१) १००.४ अंश फॅरनहाइट वा त्याहून अधिक ताप.
२) जखमेतून पू येणे, लाली वाढणे, छातीच्या हाडात कट्कट् जाणवणे.
३) वजन एका दिवसात किलोभर वाढणे वा पायांची सूज वाढत जाणे.
४) एका पोटरीत नव्याने दुखणे व सूज येणे.

छातीत दुखणे, धाप लागणे, शुद्ध हरपणे किंवा बोलणे अडखळणे अशा वेळी वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आता सेवेविषयी. लोटांगणात शरीराचा भार छातीवर व दंडांवर येतो, साष्टांग नमस्कारातून उठताना हातांवर जोर द्यावा लागतो आणि पालखीचे ओझे खांद्यावर पडते. यामुळे सांधत असलेले हाड सरकू शकते. डॉक्टरांची अनुमती मिळेपर्यंत ही सेवा करू नये व चार-पाच किलोंहून अधिक वजन उचलू नये. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याविना उपवास धरू नये. तोवर हात जोडून, सभामंडपात खुर्चीवर बसून घेतलेले दर्शनही तितकेच मनोभावे होते. घरातील वडीलधाऱ्यांना हे प्रेमाने समजावून सांगणे, हे कुटुंबीयांचे कर्तव्य आहे.

नवस फेडण्यास उशीर झाला म्हणून श्री रुष्ट होत नाहीत. पुनर्जन्म लाभलेला देह जपणे, हीदेखील त्यांचीच सेवा होय. सर्व रुग्णांस आरोग्य लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.