मतभेद आणि भांडण

माणसामाणसांचें एकमत न होणें ही इतकी नित्याची गोष्ट आहे कीं, तिच्यासाठीं मराठी भाषेनें पुष्कळच शब्द राखून ठेविले आहेत. मतभेद, शंका, आक्षेप, हरकत, वाद, हुज्जत, तंटा, भांडण, कलह, वितुष्ट, वैर, अशी ही यादी बरीच लांबवितां येईल. आमच्या विद्यार्थ्यांच्या निबंधांत मात्र हे शब्द एकाच अर्थाचे समजून वाटेल तसे योजिलेले आढळतात. हा केवळ भाषेचा दोष असता तर तांबड्या शाईनें तो दुरुस्त झाला असता. परंतु मतभेदास भांडण म्हणण्याची संवय जडली म्हणजे मतभेदाचें खरोखरच भांडण होण्यास फार वेळ लागत नाहीं. म्हणून या शब्दांचा थोडा विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम सौम्य शब्द घेऊं. मतभेद म्हणजे मत भिन्न असणें, एवढेंच. त्यांत राग नाहीं, मोठा आवाज नाहीं, कोणाचा अपराधही नाहीं. दुमत हा शब्द याच अर्थाचा. पण तो बहुधा ‘याविषयीं दुमत नाहीं’ अशा नकारार्थी वाक्यांतच शोभतो. शंका ‘येते’, ती विचारणारा अजून शिकत असतो. आक्षेप ‘घेतात’, तो घेणारानें एका ठराविक मुद्द्यावर बोट ठेवून कारण सांगावयाचें असतें. हरकत हा शब्द मूळचा अरबी. त्या भाषेंत त्याचा अर्थ हालचाल असा आहे. मराठींत तो अडथळा या अर्थीं रूढ झाला. ‘माझी हरकत नाहीं’ असें म्हणणारा मनुष्य आपली संमति देतोच असें नाहीं; आपण आड येणार नाहीं, एवढेंच तो सांगतो. हा भेद ध्यानांत न घेतल्यामुळें पुढें कित्येक गैरसमज उत्पन्न होतात.

आतां वाद. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्याचा निर्णय व्हावा म्हणून चालते ती चर्चा वाद. केवळ जय मिळावा म्हणून, प्रसंगीं शब्दच्छल करूनही, चालते ती जल्प. आणि स्वतःचें कांहींच न मांडतां दुसऱ्याचें खोडून काढावयाचें, ती वितंडा. यांपैकीं जल्प हा शब्द या अर्थानें आपल्या बोलण्यांत राहिला नाहीं. वितंडवाद मात्र शब्द आणि व्यवहार या दोन्ही रूपांनीं चांगला जिवंत आहे. हुज्जत या अरबी शब्दाचा मूळ अर्थ प्रमाण किंवा पुरावा. पण मराठींत हुज्जत घालणाराजवळ बहुतकरून पुरावाच नसतो! तक्रार म्हणजे मुळांत पुनरुक्ति. आपलें गाऱ्हाणें पुनःपुन्हां सांगणारांस हा शब्द चांगला साजतो.

तंटा बहुधा हक्काचा असतो. शेताचा बांध, जाण्यायेण्याची वाट, विहिरीचें पाणी यांवरून तो उपस्थित होतो, आणि पंच किंवा न्यायाधीश तो तोडूं शकतात. भांडणांत विषय मागें पडतो व माणसें समोरासमोर येतात. तेंच भांडण घरांत मुरलें म्हणजे त्यास कलह म्हणतात. बेबनाव पूर्वीं ज्यांचें बनत होतें त्यांच्यांतच होतो. अनोळखी माणसांत तो होत नाहीं. वितुष्ट ‘येतें’, त्यास आवाज नसतो, उलट बोलणेंच बंद पडतें. आणि वैर ‘धरावें’ लागतें. जें धरिलें तें सोडतां येतें, हें त्या क्रियापदांतच सांगितलेलें आहे.

हे भेद इतिहासांत स्पष्ट दिसतात. टिळक व आगरकर यांनीं कोल्हापूर प्रकरणांत १८८२ सालीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस बरोबर काढिले. पुढें सामाजिक सुधारणेविषयीं त्यांचा मतभेद झाला. आगरकरांनीं १८८७ सालीं ‘केसरी’चें संपादकत्व सोडलें व १८८८ सालीं ‘सुधारक’ काढिलें. दोन्ही पत्रांतून कडक वाद चालला, वितुष्टही आलें. तरी १८९५ सालीं आगरकर निवर्तले तेव्हां ‘केसरी’तील मृत्युलेख टिळकांनींच लिहिला. येथें वैर हा शब्द लिहिण्यास आमची लेखणी धजत नाहीं.

पवित्र शास्त्रांतही असें उदाहरण आहे. मार्कानें पूर्वींच्या एका प्रवासांत मध्येंच साथ सोडली होती. त्यास पुन्हां बरोबर न्यावें कीं नाहीं यावरून पौल व बर्णबा यांचें इतकें बिनसलें कीं, ते वेगळे झाले. बर्णबा मार्कास घेऊन कुप्र बेटाकडे गेला. पौल सीलास घेऊन सूरिया व किलिकिया या प्रांतांतून गेला. प्रेषितांच्या कृत्यांच्या १५ व्या अध्यायांत ही हकीकत झांकून न ठेवितां सांगितली आहे. पुढें तीमथ्यास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रांत पौलच मार्कास आपल्याकडे आणावयास सांगतो, कारण तो सेवेस उपयोगी आहे.

आईबापांस आमची एक विनंति आहे. मुलानें ‘असें कां?’ म्हणून विचारिलें कीं आपण त्यास ‘उलट बोलणें’ म्हणतों. मुलीनें विचारिलें तर त्याहूनही कडक शब्द वापरतों. वास्तविक ती बहुधा शंका असते, फार तर आक्षेप असतो. ज्या मुलास शंका विचारूं दिली नाहीं, तें मोठेपणीं एक तर मनांत नसतां मान डोलावतें, नाहीं तर एकदम भांडावयास उठतें. मधल्या पायऱ्या त्यास कोणीं शिकविलेल्याच नसतात.

विद्यार्थ्यांनींही हें विसरूं नये कीं, ‘तुमचें चूक आहे’ असें वडील माणसास तोंडावर म्हणणें निराळें आणि ‘मला निराळें वाटतें, त्याचें कारण असें’ असें नम्रपणें सांगणें निराळें. दुसऱ्या रीतीनें बोललेला मुलगा ऐकून घेतला जाण्याचा संभव अधिक असतो. यापुढें कोणाशीं न पटल्यास, आपल्यांत मतभेद आहे, वाद चालला आहे, कीं वितुष्ट आलें आहे, याचा आधीं मनाशीं निर्णय करावा आणि मगच तोंड उघडावें. पुष्कळ वेळां तो नुसता मतभेदच होता असें आढळून येईल.