चव विटांची की धुराची?

न्यूयॉर्कमधल्या 1905 सालच्या 'लोंबार्डीज'सारख्या पिझ्झेरियात लोक पिझ्झ्याइतकेच कोळशाच्या भट्टीसाठी जातात. मुंबईत तिची चुलत बहीण म्हणजे इराणी आणि इतर जुन्या बेकऱ्यांमधली लाकडाची भट्टी. 9 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणावरून लाकूड-कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, आणि पावाची चव गेलीच म्हणून गलका झाला. ही भीती अर्धीच खरी आहे. पिझ्झा जळत्या निखाऱ्यांशेजारी, चारशे अंशांच्या पुढच्या आचेत काही मिनिटांत होतो. तिथे आगीचा स्वभाव पदार्थात उतरतो. पावाचं तसं नाही. जुन्या पद्धतीत आधी लाकूड जळून विटा तापतात, मग निखारे-राख ओढून भट्टी पुसतात आणि लांब दांड्याच्या फळीवरून लाद्या आत सरकतात. तोवर धूर केव्हाच धुराड्यातून शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडे गेलेला असतो. कवच खरपूस आणि आत मऊपणा येतो तो जाड विटांनी धरलेल्या, हळूहळू उतरणाऱ्या उष्णतेतून.

शहराच्या प्रदूषणात बेकऱ्यांचा वाटा तो केवढा, बांधकामाची धूळ आणि वाहनं आधी आवरा, असं कोणी म्हणेल. म्हणणं रास्त आहे, पण गल्लीत बुटक्या धुराड्याचा धूर थेट घरात शिरतो, आणि सरपण पुष्कळदा पाडलेल्या इमारतींचं, मोडक्या फर्निचरचं असतं; रंग आणि प्लायवूडचा गोंदही त्याबरोबर जळतो. (असल्या लाकडाच्या 'अस्सल चवी'चा अभिमान कशाला?) न्यूयॉर्कनेही भट्ट्या बंद केल्या नाहीत, जुन्या भट्ट्यांना धुरातले कण 75 टक्के घटवायला सांगितले.

खरा आक्षेप पैशांचा आहे. भाड्याच्या जागेतल्या छोट्या बेकरीवाल्याला बर्नर, गॅसची जोडणी आणि परवानग्या एकदम परवडत नाहीत, आणि पाव महागला तर वडापाववाल्यापासून सगळ्यांच्या कपाळावर आठ्या. म्हणून विटांची भट्टी ठेवून तिच्यात गॅसचा बर्नर बसवण्याला मदत आणि मुदत दोन्ही हव्यात. नाहीतर बेकरीवाला भट्टी पाडून पत्र्याचा स्वस्त ओव्हन आणेल. मग चव जाईल ती विटांबरोबर.