सुई टोचून घेण्याआधी विचारा

पाळणा लांबवण्याची सुई २०१७ पासून ‘अंतरा’ या नावाने सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रमात आली आहे. ती मोफत आहे. उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीसारख्या भागात निंदणी-वेचणीला जाणाऱ्या बाईला ती सोयीची वाटावी अशीच आहे. रोज गोळीची आठवण नको, घरात कुणाला दिसायला नको. तीन महिन्यांतून एक सुई पुरे.

पण भगिनींनो, तांबी काढता येते, गोळी थांबवता येते. टोचलेली सुई मात्र परत काढता येत नाही. म्हणून विचारायचे ते आधीच विचारले पाहिजे.

हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे १९८५ साली ‘नेट-एन’ या दुसऱ्या सुईची चाचणी चालू होती. आलेल्या गरीब बायांना ही चाचणी आहे हेच नीट सांगितले नव्हते. स्त्री शक्ती संघटना, सहेली, चिंगारी आदी संघटनांनी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न सांगता घेतलेली संमती ही संमतीच नव्हे.

बायांचा अनुभव काय?

मोठी तक्रार पाळीची. कुणाच्या अंगावरून थोडे थोडे जातच राहते, कुणाची पाळी बंद होते. मग दिवस गेले की काय, ही धास्ती! रक्त पोटात साचते ही समजूत मात्र खोटी आहे. गर्भपिशवीचे अस्तरच फारसे वाढत नाही, म्हणून पाळी येत नाही. काहींचे वजन वाढते. हाडांचा कस थोडा उतरतो. सुई बंद केल्यावर तो बहुतेक भरून येतो. शेवटच्या सुईनंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात.

कुणी घेऊ नये?

बाळंत होऊन सहा आठवडे न झालेली, अंगावर पाजणारी आई. रक्तदाब फार असलेली. स्तनाचा कर्करोग झालेली. कारण न कळता अंगावरून जाणारी बाई. सुईची जागा चोळू नये, शेकू नये. कार्डावर पुढची तारीख लिहून घ्यावी. एड्सपासून ही सुई वाचवत नाही. त्यासाठी निरोधच हवा.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला. मूल होऊ द्यायचे की नाही हे बाईच्या इच्छेवर असावे, ही त्यामागची भूमिका होती. ठराव फेटाळला गेला.

आज साधने दवाखान्यात आहेत. सुई, तांबी, गोळी की नवऱ्याची नसबंदी, हे सिस्टरला, आशाताईला विचारून, समजून घेऊन आपणच ठरवूया.