बसू देणारं हॉटेल

मुंबईत धोबी तलावच्या ‘कयानी’सारख्या इराणी हॉटेलात बऱ्याच वर्षांनी परतलेलं गिऱ्हाईक आधी नजरेनं झडती घेतं. संगमरवरी टेबलं आहेत ना, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या आहेत ना, भिंतीवरचे आरसे, गल्ल्याशेजारच्या बिस्किटांच्या बरण्या? सगळं जागच्या जागी दिसलं की जीव भांड्यात पडतो, एखादं टेबल सनमायकाचं झालेलं दिसलं की हळहळ वाटते. ही झडती अपुरी आहे, असं माझं म्हणणं आहे. खिशात एका चहापुरते पैसे असलेल्या माणसाला शहराच्या मोक्याच्या कोपऱ्यावर, पंख्याखाली, कुणी उठवणार नाही अशा खुर्चीत बसायला मिळणं, हा इराण्याच्या हॉटेलचा खरा माल होता. चहा आणि ब्रून-मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, हे त्या बसण्याचं भाडं. परतल्यावर पाहायचं ते एवढंच, की हा माल अजून मिळतो का आणि कोणत्या दरानं.

हा माल विकायला बसलेली माणसं स्वतः उपाशी पोटानं आली होती. यझ्द आणि केरमान या भागांतले झरथुष्ट्री एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबईत येऊ लागले. इराणात त्यांच्यावरचा जिझिया कर 1882 साली उठला, तोही मुंबईच्या पारशांनी पाठवलेल्या माणेकजी लिमजी हातारिया यांच्या दीर्घ खटपटीनंतर. कर उठला तरी गरिबी आणि छळ राहिला, आणि माणसं येत राहिली. इमारतीच्या कोपऱ्यावरचे गाळे अशुभ म्हणून इथले व्यापारी घेत नसत आणि ते इराण्यांनी घेतले, असं सांगतात. कारण काहीही असो, कोपरा त्यांना लाभला. दोन रस्त्यांवर उघडणारी दारं, दोन्हीकडून येणारा उजेड आणि वारा, आणि कुठूनही चालत आलं तरी नजरेत भरणारी जागा. ‘कयानी’ 1904 ची, ‘ससानियन’ 1913 ची, ग्रँट रोड स्टेशनजवळची ‘मेरवान’ 1914 ची, फोर्टातलं ‘कॅफे मिलिटरी’ 1933 चं, पुण्याच्या डेक्कनवरचं ‘गुडलक’ 1935 चं. ज्या काळात खाणावळीच्या पाटीवर जातीचा उल्लेख अभिमानानं रंगवलेला असे, त्या काळात इथे गिरणीतला कामगार, कचेरीतला कारकून आणि परीक्षेचा अभ्यास करणारा विद्यार्थी एकाच संगमरवराला कोपर टेकवून बसत. शेजारच्या खुर्चीत कोण बसणार हे ठरवणं गिऱ्हाइकाच्या हातात नव्हतं, आणि हीच या हॉटेलांची शहराला सर्वांत मोठी देणगी मी मानतो.

बसू देणं परवडत कसं होतं, हे त्या हॉटेलाच्या हिशेबात पाहिलं पाहिजे. मागे स्वतःची भट्टी, पुढे गल्ला, मध्ये टेबलं. पहाटे पाव, ब्रून, खारी, मावा केक गल्ल्यावरून बांधून जात. ‘मेरवान’चा मावा केक तर उशिरा येणाऱ्याला मिळायचाच नाही. साबण, ब्लेड, बिस्किटं, सिगारेट हेही तिथेच. म्हणजे टेबलावर रेंगाळणाऱ्या माणसाचा खर्च गल्ल्यावरून घाईनं निघून जाणारा माणूस उचलत होता. नोकरवर्ग मोजका, बिलाचा कागद नाही. वेटर लांबूनच टेबलाची रक्कम ओरडून सांगे आणि मालक गल्ल्यावर ती वसूल करी. माल साधा, पण नीट केलेला. ब्रूनचं वरचं कवच इतकं कडक, की आडवी सुरी घालताना तुकडे टेबलभर उडावेत. आत मात्र मऊ पोत, त्यावर हात राखून न लावलेला मस्का. तो तुकडा ‘पानी कम’, म्हणजे कमी पाण्याच्या कडक चहात बुडवला की कवच नरम पडतं, मस्का वितळून चहावर तेलकट सोनेरी ठिपके तरंगतात, आणि त्या खारट-गोड घोटाला दुसरं काही लागत नाही. या खाण्याला वेळ लागतो. घाईत खाल्लेला ब्रून टाळूला टोचतो.

या हिशेबाचा सर्वांत मोठा आकडा मात्र भट्टीत नव्हता, भाडेपावतीत होता. 1947 च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी 1940 च्या पातळीवर बांधली. 1999 च्या नव्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं जुन्या भाडेकरूंचं संरक्षण बहुतांशी कायम ठेवलं आणि वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. एक कोटी किंवा त्याहून अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या त्यातून वगळल्या. मोठी बँक त्या कोपऱ्यावर बाजारभावानंच बसेल आणि इराणी जुन्या भाड्यानं, अशी ही रचना. तेव्हा पहिला आक्षेप सरळ आहे: ज्याला तुम्ही इराण्याचं औदार्य म्हणता, ते घरमालकाच्या पैशानं चाललं. आक्षेपात तथ्य आहे. तुटपुंज्या भाड्यात इमारतीची डागडुजी होत नाही, आणि तुळया कुजलेल्या इमारतीखाली स्वस्त चहा पिणं हा काही आदर्श नव्हे. पण शहर कुणाला ना कुणाला स्वस्तात जागा देतच असतं. रस्त्याकडेला दिवसभर उभी राहणारी मोटार जमिनीचं भाडं बाजारभावानं कुठे देते? त्या जागेत चहाचं एक टेबल आणि चार माणसं मावली असती. स्वस्त जागा कुणाला द्यायची हा निवडीचा प्रश्न आहे, आणि माणसांना बसवणाऱ्याला ती मिळणं मला अधिक न्याय्य वाटतं. त्याचा भार एकट्या घरमालकावर पडला, ही त्या कायद्याची चूक.

दुसरा आक्षेप मालकांच्या बाजूचा आहे, आणि तो अधिक जड आहे. 1950 च्या दशकात मुंबईत साडेतीनशेच्या आसपास इराणी हॉटेलं होती आणि आज पंचवीस-तीस उरली, असा अंदाज नेहमी दिला जातो. ती सगळी काही कुणी मारली नाहीत. पहाटे भट्टीशी उभं राहायचं, रात्री गल्ला मोजायचा, आणि भागीदारांच्या वारसांत नफा वाटायचा, हे शिकलेल्या मुलांना नको असेल तर त्यांना दोष देण्याचा हक्क वर्षातून एकदा येऊन भावुक होणाऱ्या गिऱ्हाइकाला नाही. काहींनी बिअरचा परवाना घेतला, काहींनी पर्यटकांकडे तोंड वळवलं. बॅलार्ड इस्टेटमधलं ‘ब्रिटानिया’ 1923 चं. साहेबांसाठी युरोपीय पदार्थ करणारं ते हॉटेल नंतर इराणी झरिश्क घातलेल्या बेरी पुलावावर उभं राहिलं. बदलामुळेच ते टिकलं, आणि त्याचा पुलाव जपण्याजोगाच आहे. पण दुपारचं जेवण देणारं नावाजलेलं रेस्टॉरंट आणि चहावर बसू देणारा कोपरा या दोन वेगळ्या चिजा आहेत. पहिली जगली म्हणून दुसरी जगली असं होत नाही.

हा फरक लंडनमध्ये स्वच्छ दिसतो. 2010 साली तिथे ‘दिशूम’ सुरू झालं, ते मुंबईच्या इराणी हॉटेलांना मानवंदना म्हणून. आरसे, खुर्च्या, पंखे, काय करू नये याच्या पाट्या, सगळं प्रेमानं आणि अभ्यासानं उभं केलेलं. कवी निसिम इझिकेल यांना इराण्याच्या ज्या पाट्यांवर कविता सुचली, तशा पाट्या तिथल्या भिंतीवर शोभतात. तिथलं खाणंही मन लावून केलेलं आहे, आणि त्याची चेष्टा करावी असं मला मुळीच वाटत नाही. तरी दाराबाहेर रांग लागते, आणि रांग असलेल्या जागी रिकामा कप पुढे ठेवून कुणी तासभर वर्तमानपत्र वाचत नाही. सामान समुद्रापार नेता आलं, दर नेता आला नाही.

म्हणूनच वास्तू-वारसा यादीवर मी फार विसंबणार नाही. यादी दर्शनी भाग राखते, चहाचा भाव तिच्या हाती नसतो. भट्टीचा खर्चही बदलतो आहे: मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी 2025 मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. हवेचा विचार केला तर आदेश योग्यच आहे, पण भट्टी बदलण्याचा पैसा शेवटी ब्रूनवरच चढणार, आणि लहान बेकरीला त्यासाठी स्वस्त कर्ज मिळायला हवं. सर्वांत निर्णायक गोष्ट मात्र पुनर्विकासाची. जुनी चाळ पडून टॉवर उभा राहतो तेव्हा दुकानदाराला गाळ्याइतकी जागा मिळाली तरी ती कोपऱ्यावरच असेल असं नाही, आणि जुन्या भाड्याच्या जागी दरमहा टॉवरचा मेंटेनन्स येतो. एका चहावर तासभर बसलेलं गिऱ्हाईक त्या आकड्यात बसत नाही. तेव्हा इराण्याच्या भाडेकरारापासून महापालिकेच्या मंजुरीपर्यंत दोन अटी आधीच कागदावर यायला हव्यात: दोन्ही रस्त्यांवर उघडणारी तळमजल्याची जागा, आणि तिच्या मासिक खर्चावर ठरलेली कमाल मर्यादा.