अक्रोडाचा थंडीचा हिशेब

ग्वाल्हेरला स्टेशनाजवळच्या पडाव भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. तिथं अक्रोड फळाला येणं कठीण. खायला मिळतो तो बहुतेक काश्मीरचाच. देशातलं जवळजवळ सगळं पीक तिथलं.

आता कुणी म्हणेल, ग्वाल्हेरला थंडी काय कमी असते? जानेवारीतलं धुकं इथल्या माणसाला सांगायला नको. पण अक्रोड पानं गाळून झोपतो आणि सात अंशांच्या आसपासची थंडी शेकडो तास अंगात मुरल्याशिवाय त्याचे डोळे फुटत नाहीत. पडावात रात्री जमलेली थंडी दुपारच्या उन्हात बरीचशी वाया जाते. झाडाला घड्याळ नाही, तरी ते तास मोजतं! माघातल्या चार उबदार दिवसांना भुलून पालवी फुटली, तर पुढच्या गारठ्यात ती करपेल. म्हणून हा हिशेब.

एक अक्रोड हातात घ्या. सांध्यात सुरीचं टोक घालून पिळलं की दोन वाट्या सुटतात. अंकुरही तिथूनच बाहेर पडतो. सांधा सोडून दुसरीकडे मात्र कवच दाद देत नाही. का, ते व्हिएन्नाच्या संशोधकांनी २०१९ साली दाखवलं. कवचातल्या प्रत्येक पेशीला चहूबाजूंनी फुगवटे असतात आणि ते शेजारच्या पेशींच्या खाचांत घट्ट बसतात. एकेक पेशी सरासरी १४ पेशींत अशी गुंतलेली! आतला सुरकुतलेला गर म्हणजे बीजदलं, रोपट्याची पहिली शिदोरी. आपण खातो ती.

मला सगळ्यात थक्क करतात ती फुलं. नर फुलांचे हिरवट तुरे फांदीवरून लोंबतात, मादी फुलं नव्या फुटीच्या टोकाला, इवलीशी. दोन्ही एकाच झाडावर, पण उमलण्याची वेळ निराळी. काही झाडांत आधी नर फुलं, काहींत आधी मादी, आणि कुठलं झाड कोणत्या गटातलं हे जन्मतःच ठरलेलं. एका गटाचे पराग वाऱ्यावर निघतात तेव्हा दुसऱ्या गटाची मादी फुलं तयार असतात. ही वाटणी अक्रोडाच्या कुळात कोट्यवधी वर्षं टिकून आहे. त्यामुळे जाणते बागाईतदार एकाच जातीची कलमं लावत नाहीत. वेळा जुळतील अशी दुसरी जात मधूनमधून लावतात, आणि वारा कुठून वाहतो तेही आधी बघून घेतात.